राखणीला जाणता कुत्रा आणा

वस्तीवर कुत्रा पाळायचा म्हटले की आपल्याकडे पिलू आणण्याचाच शिरस्ता आहे. शेजारची कुत्री व्याली की पोरे पिलू उचलून आणतात. चार दिवस कौतुक होते. मग पेरणी-खुरपणीच्या गडबडीत त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड राहत नाही. पार्वोसारख्या रोगात रक्ताची हगवण लागली तर दोन-तीन दिवसांत पिलू हातचे जाते. जगलेच, तर राखणीजोगे व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते.

तुम्हांला राखणीची गरज आजच असेल, म्हातारी माणसे मळ्यात एकटी राहत असतील, तर तीन ते पाच वर्षांचा जाणता कुत्रा आणा. त्याचा स्वभाव ठरलेला असतो आणि तो आणण्याआधी पाहता येतो. असे कुत्रे गावोगाव असतात. कोणी जमीन विकून शहरात जातो, कोणाच्या घरचा कर्ता माणूस जातो, ऊसतोडीचा हंगाम संपून कोप्या उठतात, आणि कुत्रा मागे राहतो.

पारखून घ्या

धनी असेल तर त्याच्यासमक्ष, नाहीतर त्याला भाकरी घालणाऱ्यासमक्ष, दोन-तीनदा पाहा. कोंबड्या, शेळ्या, पोरे जवळून गेली की तो काय करतो? खाताना ओळखीचे माणूस जवळ आले तर गुरगुरतो का? ही परीक्षा पोरांकडून करवू नका. दात पांढरेशुभ्र असतील तर कुत्रा तरुण. पिवळे, झिजलेले असतील आणि तोंडावर पांढरे केस आले असतील तर वय झालेले. पण आठ-नऊ वर्षांचा कुत्राही टाकाऊ नव्हे. तो पळापळ करणार नाही, पण अंगणात पडल्या-पडल्या परक्याची चाहूल देईल. म्हाताऱ्या माणसांना तेवढे पुरते.

कुठून आला ठाऊक नाही, लाळ गळते आहे, उगाच चावत सुटला आहे, अशा कुत्र्याच्या वाटेला जाऊ नका.

पहिले पंधरा दिवस

कुत्रा आणताना त्याचे झोपायचे पोतेही आणा. ओळखीच्या वासाने तो लवकर निवळतो. पंधरा दिवस मोकळा सोडू नका, नाहीतर जुन्या घराची वाट धरील. भाकरी एकाच माणसाने घालावी. त्यानेच सकाळ-संध्याकाळ साखळीला धरून बांधावरून फिरवावे, गोठ्यातली जनावरे दुरून दाखवावीत. दोन दिवस खाल्ले नाही म्हणून मारू नका. जुने घर सुटल्याचे दुःख त्यालाही असते. ताक-भाकरी चालते, कांदा-लसणाचा रस्सा आणि शिजवलेली हाडे मात्र घालू नका. कांदा-लसूण त्याच्या रक्ताला बाधतो, आणि शिजलेल्या हाडाची कपची आतड्यात रुतते.

लस चुकवू नका

आणल्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यात न्या. आधी लस टोचल्याचा कागद नसेल तर रेबीजची लस टोचून घ्या, पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना न चुकता टोचा. जंताचे औषधही द्या. कुत्री असेल तर नसबंदीचे विचारा.

कुत्रा कोणाला चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि सांगितलेल्या सगळ्या तारखा पाळा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे भय आता नको. ती जुनी लस २००५ पासून आपल्या देशात बंद झाली. आता लस दंडावर देतात. मात्र रेबीज एकदा उमटला की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून अंगारे-धुपारे करीत वेळ घालवू नका.

रात्री आत घ्या

जुन्नर-अकोल्यासारख्या बिबट्याच्या भागात राहत असाल तर रात्री कुत्रा उघड्यावर साखळीला बांधू नका. कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे, आणि बांधलेल्याला पळताही येत नाही. बंदिस्त गोठ्यात किंवा दाराआड ठेवा. भुंकणे आतूनही ऐकू येते.

जाणत्या कुत्र्याची तुमच्याकडची वर्षे पिलापेक्षा थोडी, हे खरे. पण त्यातले बहुतेक दिवस तो कामाला येतो. पुढे तो थकला की त्याची भाकरी तोडू नका. एकदा धनी गमावलेल्या जनावराला दुसऱ्यांदा बेघर करणे माणुसकीला धरून नाही.