डोंगर पोखरून बेडूक

लालबागला खणाखणीचं नवल नाही. श्रावण सरत आला की मंडपाच्या बांबूंसाठी रस्त्याला भोकं पडतात. विसर्जनानंतर ती बुजवायची कोणी, यावरून महापालिका आणि मंडळं यांच्यात बोलाबोली होते. मग केबलवाले येतात, मग पाण्याची पाइपलाइन फुटते. गिरण्यांच्या जागी टॉवर उठायला लागल्यापासून तर पत्र्यांच्या कुंपणामागे ब्रेकरचा खडखडाट बारमाही झाला आहे. वैतागून कानात बोटं घालणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. लालबागच्या नाक्यावरून टॅक्सीने अर्ध्या तासात पोचता येईल एवढ्याच टापूत, भलत्याच कामासाठी टिकाव मारला आणि जमिनीने भलतीच वस्तू पुढ्यात आणून ठेवली, असं या शहरात पुन्हा पुन्हा झालं आहे. खणणाऱ्यांपैकी त्या वस्तूच्या शोधात कोणीही नव्हतं.

पहिला मान बेडकाचा. १८४७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात रिचर्ड ओवेन यांचा लेख आला. पाचच वर्षांपूर्वी ‘डायनासोर’ हे नाव जगाला दिलं ते हेच ओवेन. या लेखात मात्र अजस्र असं काही नव्हतं. मुंबईहून आलेल्या काळपट दगडाच्या चिपांवर इटुकले सांगाडे चेपून बसलेले होते. ओवेननी निवाडा दिला की हे बेडूक आहेत, आणि त्यांचं नाव ठेवलं राना प्युसिला. वरळीच्या टेकडीपाशी खणताना सापडलेले हे बेडूक पुढे ऐंशीहून अधिक वर्षं त्याच नावाने नांदले. १९३० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले जी. के. नोबल यांनी हाडं पुन्हा तपासली, हे ‘राना’ नव्हेत असं ठरवलं आणि त्यांना इंडोबॅट्राकस हे स्वतंत्र नाव दिलं. याच थरांतून एक कासवही निघालं होतं. एच. जे. कार्टर यांनी १८५२च्या सुमारास त्याचं वर्णन केलं.

डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणून आपण लोकांची टिंगल करतो. वरळीच्या टेकडीने बेडूक दिला, पण तो आहे सहा कोटी वर्षांहून जुना. डायनासोर संपले त्याच्या आगेमागेचा.

पण लाव्हारसाच्या दगडात बेडूक आला कुठून? मुंबईचा खडक हा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि उकळत्या लाव्ह्यात बेडूक टिकणं शक्य नाही. त्याचं उत्तर असं की दख्खनचे लाव्हारस एका दमात वाहिले नाहीत. एक लोट येई, थंड होई, आणि पुढचा येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षांची उसंत मिळे. त्या उसंतीत पाऊस पडे, खळग्यांत तळी साचत, काठाला हिरवळ येई, पाण्यात बेडूक आणि कासवं होत. मेलेले जीव तळाच्या बारीक गाळात रुतत. मग पुढचा लोट येऊन सगळ्यावर झाकण घाली. चपात्यांची चवड लावताना मध्ये पीठ भुरभुरावं, तसा हा गाळ दोन लाव्ह्यांच्या मध्ये राहिला आणि त्याचा शेल, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा दगड झाला. पापुद्रा नेमका सुटला तर वर बेडूक दिसतो, नाहीतर तो दगडच वाटतो.

मुंबईत ही सगळी चवड पश्चिमेकडे कलंडलेली आहे. म्हणून पूर्वेकडचे थर जुने आणि वरळी-मलबार हिलकडचे नवे. कठीण थर उभे राहिले, मऊ थर झिजले. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी ही एक कणा-टेकडी झाली, पूर्वेला शिवडी-अँटॉप हिलकडची दुसरी, आणि मध्ये राहिली सखल जागा. समुद्र तिथे महालक्ष्मीजवळच्या खिंडारातून आत येई. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीच्या वेलार्डने तो अडवला. त्या बांधाचं काम टिकेना तेव्हा रामजी शिवजी प्रभूंना स्वप्नात देवीने सांगितलं आणि समुद्रातून मूर्ती वर आल्या, ही महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका प्रत्येक गिरगावकराने आजीकडून ऐकलेली असते. बांध टिकला, पण सखलपणा काही गेला नाही. पावसाळ्यात हिंदमाताला कमरेइतकं पाणी तुंबतं तेव्हा आपण महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. मोडावीतच. तरी त्या खड्ड्याचा मूळ कंत्राटदार सहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, हेही ध्यानात असावं. अलीकडे हिंदमाताचं पाणी साठवायला जवळच्या मैदानांखाली भल्यामोठ्या टाक्या खणल्या. त्यांत काय निघालं हे कोणी विचारलं असेल का, ही माझी आपली शंका.

बेडकानंतर तीस वर्षांनी जंगल निघालं. मशीद बंदराच्या बाजूला प्रिन्सेस डॉक बांधायचं ठरलं. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८८० साली गोदी सुरू झाली. मधल्या काळात, १८७८च्या सुमारास, मजूर समुद्राचा काळा चिखल उपसत खाली गेले तर खाली झाडं लागली. वाहून येऊन अडकलेले चार-दोन ओंडके नव्हते ते. तीनशेहून अधिक झाडं होती आणि त्यांतली निम्म्याहून जास्त आपल्या मुळांवर उभी होती. मुळं घट्ट होती ती खालच्या मुरमात, चिखलात नव्हे. लाकूड ओळखलं गेलं तेव्हा ते खैराचं निघालं. पानात घालतो तो कात ज्याच्यापासून होतो, तोच हा खैर.

खैर खारं पाणी सोसत नाही. तिवरांसारखी त्याची जात नाही. त्याला कोरडी, मुरमाड, उन्हाची जमीन लागते. म्हणजे ओहोटीच्या रेषेच्याही खाली जिथे ही झाडं उभी सापडली, तिथे एके काळी कोरडं रान होतं. जमीन खचली आणि समुद्र वर चढला. चिखलाने हळूहळू खोडं गाडली, आणि हवा न लागल्यामुळे ती कुजायची राहिली. चिखलासारखा राखणदार नाही. उघड्यावर पडलेलं लाकूड वाळवी चार पावसाळ्यांत संपवते, चिखलात तेच युगं काढतं. पुढे १९१०च्या सुमारास शेजारी ॲलेक्झांड्रा डॉक, आजचा इंदिरा डॉक, खणताना तिथेही असंच बुडालेलं रान लागलं. त्या गोदीतून निघालेल्या मातीचं काय केलं माहीत आहे? तिचाच भराव टाकून बॅलार्ड इस्टेट उभी केली. तिथल्या देखण्या दगडी इमारतींच्या ओळीतून चालणाऱ्याच्या पायाखाली त्या रानाचा चिखल आहे.

याच पूर्व किनाऱ्याच्या चिखलाला हल्ली वेगळ्या कारणाने गर्दी होते. शिवडीच्या खाजणात १९९०च्या दशकापासून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी उतरतात. साधारण नोव्हेंबर ते मे. मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरायची, जिभेने पाणी आत-बाहेर करायचं आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांच्या गाळणीतून शेवाळ गाळून खायचं, हे त्यांचं जेवण. पिसांचा गुलाबी रंग येतो तोही या खाण्यातल्या रंगद्रव्यांतून. ओहोटीच्या वेळा बघून हातभर लेन्स घेतलेले फोटोग्राफर पहाटे शिवडी गाठतात. अटल सेतूचा पल्ला याच खाजणावरून सुरू होतो, त्यामुळे आता चौकटीत गुलाबी थव्यामागे काँक्रीटचे खांबही येतात. काहींना ते खुपतं. मला तर तोच फोटो खरा वाटतो.

हे सगळे फोटोग्राफर शिवडीहून परत निघतात आणि वाटेवरच्या सर्वांत मोठ्या आश्चर्यापासून हाकेच्या अंतरावरून निघून जातात. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचं काम चाललं होतं. लालबागचा राजा बसायला अजून तीन वर्षं होती. या खोदकामात एकाच अखंड शिळेत कोरलेला शिवपट निघाला. उंची साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या दुप्पट. पुरातत्त्व खातं त्याचा काळ इसवी सनाचं पाचवं-सहावं शतक मानतं. समोरच्या बंदरातल्या घारापुरीची लेणी सहाव्या शतकातली, तेव्हा दोन्ही कामं जवळजवळ एका काळची. परळ गावकऱ्यांचं दैवत बारादेवी. जवळच्या बारादेवीच्या देवळात ही शिळा नेऊन ठेवली आणि ती आजही तिथेच आहे.

मूर्ती नीट बघायची तर खालून वर बघावी. तळाशी मध्यावर एक शिव सरळ उभा आहे, शांत, कसलाही अभिनिवेश नाही. त्याच्याच खांद्या-मस्तकामागून दुसरा वर उगवतो, आणि दुसऱ्यातून तिसरा. हा सर्वांत वरचा अनेक हात पसरून सगळ्या शिळेवर पंख धरल्यासारखा उभा. मधल्या आणि वरच्या देहातून डावी-उजवीकडे दोन दोन आकृती तिरक्या बाहेर झेपावतात. तीन मधले आणि चार बाजूचे मिळून सात. सगळ्यांची चेहरेपट्टी एक, जटांचा बांधा एक. पायथ्याशी ठेंगणे गण वाद्यं घेऊन आहेत. त्यांच्यामुळे काही अभ्यासक या सातांत संगीताचे सात स्वर बघतात आणि याला सप्तस्वरमय शिव म्हणतात. ते पटो न पटो, एक गोष्ट डोळ्यांना कळतेच. ही सात माणसं शेजारी शेजारी उभी केलेली नाहीत. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असा वाढता देव शिल्पकाराने स्थिर दगडात पकडला आहे. आजचा फोटोग्राफर एकाच फिल्मवर सात वेळा शटर दाबून जे साधायची धडपड करेल, ते या माणसाने दीड हजार वर्षांपूर्वी छिन्नीने केलं.

आणि असं शिल्प कुठे होतं, तर आपण ज्याला नुसतं गिरणगाव समजतो तिथे. परळची कहाणी भोंग्यापासून सुरू होते हा आपला समज या शिळेने कधीच खोटा पाडला आहे. बाराव्या शतकाच्या अखेरचा, शिलाहार राजा अपरादित्याच्या काळचा शिलालेखही परळातच सापडला, आणि जुन्या मराठीच्या अभ्यासकांच्या यादीत तो मानाने बसतो. गिरण्या आल्या त्या एका पुरातन गावाच्या अंगणात.

शिळा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत आहे, पण तिची पूजाही होते. एरवी ती कुलूपबंद खोलीत असते आणि जाळीतून दिसते. महाशिवरात्रीला दार उघडतं. त्या दिवशी बेल घेऊन येणाऱ्यांत शिल्पकलेचे अभ्यासक किती असतील सांगवत नाही. परळ-भोईवाड्यातली माणसं असतात, त्यांना तो आपला शंकर. फोटो काढायचा मोह कोणाला होणार नाही? पण समोरून फ्लॅश मारला तर सगळा उठाव सपाट होऊन सातही शिव पांढरटलेल्या भिंतीसारखे दिसतील. कोरीव पटाचा जीव सावलीत असतो, प्रकाश बाजूने तिरका आला तरच खांद्यामागचा खांदा सुटा होतो. मोबाइल बंद ठेवून डोळे अंधाराला सरावू द्यावेत, तेवढ्यात गर्दी पुढे ढकलतेच.

निवांत बघायचं तर फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात या पटाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. आधी ती बघावी, कोण कुठून निघाला ते नीट जुळवून घ्यावं आणि मग परळला जावं. के.ई.एम.च्या पलीकडे, शिवडीच्या दिशेला परळ गावात बारादेवीचं देऊळ विचारलं की कोणीही सांगेल.