मधमाश्यांच्या दारचा रंगीत पाहुणा

एप्रिल महिना लागला कीं स्पेन, इटली, ग्रीस या देशांच्या किनाऱ्यांवर आफ्रिकेंतून येणाऱ्या एका पक्ष्याचे थवे उतरूं लागतात. बदामाच्या व ऑलिव्हच्या बागांवरून त्यांचा घोळदार, मृदु आवाज आधीं ऐकूं येतो आणि मागाहून पक्षी दिसतात. डोकें व पाठ तांबूस, खांद्यावर सोनेरी झांक, गळा पिवळाधमक, त्याखालीं काळी रेघ आणि पोट मोरपंखी निळें! आपल्याकडे विजेच्या तारेवर बसून माश्या टिपणाऱ्या हिरव्या वेड्या राघूचा हा थोरला भाऊ. लांबी सुमारें २८ सेंटिमीटर. ग्रीक लोक त्याला 'मेरॉप्स' म्हणत, व लिनिअसनें १७५८ सालीं दिलेल्या शास्त्रीय नांवांतहि तोच शब्द आहे.

इतका देखणा पाहुणा बागेंत आल्यावर कोणाला आनंद होणार नाहीं? पण त्याच बागेच्या कडेला ज्यानें मधाच्या पेट्या मांडलेल्या असतात त्याच्या कपाळाला आठी पडते. कारण हा पक्षी मधमाश्या खातो. माशी उडतां उडतां पकडावी, फांदीवर बसून तिला आपटावें, मग तिचा मागचा भाग फांदीवर घासून विष व नांगी काढून टाकावी आणि गिळावी, असा त्याचा क्रम असतो. हें वैर फार जुनें आहे. मधमाश्या पाळणारे लोक पेट्यांजवळचीं या पक्ष्याचीं घरटीं मोडून टाकतात, असें ॲरिस्टॉटलनें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत लिहून ठेविलें आहे. आणि व्हर्जिल कवीनेंहि आपल्या शेतकीविषयक काव्यांत त्याला पोळ्यांपासून दूर ठेवण्यास सांगितलें आहे.

आतां हा आरोप कितपत खरा? एका जोमदार पेटींत उन्हाळ्यांत चाळीस ते साठ हजार माश्या असतात. बाहेर हिंडणाऱ्या माश्या बहुधा वयानें वडील, आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यांतल्या; आणि राणी तर दररोज हजाराहून अधिक अंडीं घालूं शकते. तेव्हां कांहीं माश्या गेल्या म्हणून पेटी बुडत नाहीं. शिवाय हा पक्षी गांधीलमाश्याहि खातो, आणि त्या तर मधमाश्यांच्या शत्रूच होत. हें मधाच्या व्यापाऱ्याला कोणी समजावून सांगत नाहीं.

तथापि त्याची तक्रार सर्वस्वीं खोटी मानणें अन्यायाचें होईल. आभाळ भरून आलें म्हणजे इतर कीटक उडत नाहींत आणि थवेच्या थवे पेट्यांपाशीं जमतात. माश्या भयानें आंतच बसून राहतात. फुलोऱ्याच्या ऐन दिवसांत असें झालें तर मध कमी होतो. याहून मोठें संकट कोंवळ्या राणीचें. मीलनासाठीं ती बाहेर पडली आणि पक्ष्यानें तिला टिपली, तर वेळीं दुसरी राणी न मिळाल्यास पेटी नष्टच होते.

याच पक्ष्याचें घर पाहिलें म्हणजे मन कांहींसें निवळतें. नदीच्या किंवा वाळूच्या खाणीच्या उभ्या कड्यांत नर व मादी चोंचीनें एक मीटर किंवा त्याहून लांब बोगदा कोरतात आणि टोकाशीं पांच-सहा पांढरीं अंडीं घालतात. एकेका कड्यांत अशीं अनेक बिळें असतात. ज्यांचें घरटें फसलें असे कांहीं नर आप्तांच्या पिलांना खाऊं घालावयास जातात. या पक्ष्यांचीं पिलें आईबापांस पोसतात, अशी जुनी समजूत ॲरिस्टॉटलनें नमूद केली आहे. ती जशीच्या तशी खरी नसली, तरी नात्यांतल्या या मदतीची चाहूल त्या काळच्या लोकांना लागली असावी.

युरोपीय देशांच्या १९७९ च्या पक्षी-संरक्षण निर्बंधानें त्याला मारण्यास बंदी आहे. सायप्रसमध्यें मात्र अवैध चिकटकाड्यांना लहान गाणाऱ्या पक्ष्यांबरोबर तोहि चिकटून मरतो. मध पाळणाऱ्यांपैकीं शहाणे पेट्या थव्यांच्या वाटेवरून हलवितात आणि राण्या अशा वेळीं तयार करितात कीं त्यांच्या उड्डाणाच्या वेळीं थवे जवळ नसावेत. ऑगस्ट-सप्टेंबरांत ते पुनः दक्षिणेकडे निघतात. स्पेनमधले जिब्राल्टरजवळचें सुमारें चौदा किलोमीटरांचें पाणी ओलांडून पश्चिम आफ्रिकेकडे जातात; पूर्वेकडचे थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत. त्यांत त्या वर्षीं जन्मलेलीं पिलेंहि असतात.