पुन्हा एकदा रंगपेटी

दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, खाली वळणे घेत जाणारी नदी, काठावर एक कौलारू घर आणि आकाशात भुवयांसारखे चार पक्षी. हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी काढलेले आहे. मराठी शाळेत ते निघते, तसेच कन्नड शाळेतही निघते. गंमत अशी की, हे दृश्य आपण कोणीही कधी पाहिलेले नसते. बेळगावच्या भोवती राजहंसगड आहे, येळ्ळूरची भातशेती आहे, किल्ल्याचा तलाव आहे. पण आपल्या चित्रात मात्र तेच दोन डोंगर!

याचे कारण सोपे आहे. लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढीत नाही, मनाला ठाऊक असते ते काढते. डोंगर म्हणजे त्रिकोण, डोळा म्हणजे बदाम, झाड म्हणजे खोडावर ठेवलेला हिरवा ढग. त्या वयात त्यात आनंदच असतो. पुढे दहाबारा वर्षांचे झाल्यावर चित्र ‘हुबेहूब’ असावे असे वाटू लागते. हात तर जुन्याच खुणा काढीत असतो. मग शेजारच्या मुलाचे चित्र बरे दिसते, आपले खोडले जाते, आणि ‘मला चित्रकला येत नाही’ असा निकाल आपण स्वतःच देऊन टाकतो. ज्यांचा हात बरा असतो ते ड्रॉइंगच्या लोअर-हायर परीक्षा देतात. सीमेपलीकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएट देतात. प्रमाणपत्र फायलीत जाते आणि रंगपेटी माळ्यावर. एकाचा छंद नापास होऊन सुटतो, दुसऱ्याचा पास होऊन. दोघांचीही चूक एकच: चित्र हे गुणांसाठी असते, असे दोघांनीही धरलेले असते.

गुणांचा विचार बाजूला ठेवून मोठेपणी ब्रश हाती घेणाऱ्यांची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. १९१५ साली विन्स्टन चर्चिल यांचे आरमारखात्याचे मंत्रिपद गेले. वय ४० वर्षांचे, रिकामा वेळ भरपूर आणि मन खचलेले. त्या उन्हाळ्यात त्यांनी रंग हाती घेतले. कोऱ्या कॅनव्हासपुढे ते बिचकत बसले असताना हेझल लॅव्हरी या चित्रकाराच्या पत्नीने मोठा ब्रश उचलून कॅनव्हासवर बेधडक फटकारे मारले आणि त्यांची भीती मोडली. पुढे त्यांनी ५०० हून अधिक चित्रे रंगविली. दुसरे उदाहरण रवींद्रनाथांचे. हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी जोडता जोडता त्यांतून आकार निघू लागले, आणि साठी उलटल्यावर हा कवी झपाटल्यासारखा चित्रे काढू लागला. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. दोघांनाही परीक्षा द्यायची नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता सुरुवात कशी करावी? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी प्रथम खर्च पाहणार! बारा ट्यूबांची जलरंगांची साधी पेटी, एक जाड आणि एक बारीक गोल ब्रश, जाडसर कागदाचे पॅड, पाण्यासाठी दोन वाट्या आणि एक जुने फडके एवढ्यावर काम भागते. एक वाटी ब्रश धुण्यासाठी, दुसरी स्वच्छ पाण्याची. पातळ कागद पाण्याने सुरकुततो, म्हणून कागदावर मात्र काटकसर करू नये.

जलरंगाचे मर्म त्याच्या पारदर्शकतेत आहे. डिंकात कालवलेली रंगाची पूड पाण्याबरोबर कागदावर पसरते; उजेड त्या पातळ थरातून आत जातो आणि पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो. म्हणून येथे पांढरा रंग सहसा वापरीत नाहीत. कागद हाच पांढरा रंग. फिक्यापासून सुरुवात करून गडदाकडे जायचे, आणि पहिला थर वाळेपर्यंत थांबायचे. उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील ‘ग्लो ऑफ होप’ हे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र पुष्कळांना रविवर्म्याचे तैलचित्र वाटते. ते सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचे आहे, आणि आहे जलरंगातले. त्यांची मुलगी गीता हिला समोर उभी करून त्यांनी ते रंगविले. एका मराठी चित्रकाराने तेवविलेला तो दिवा कन्नड मुलखातील राजवाड्यात आजही पाहायला मिळतो.

पहिल्याच दिवशी माणसाचा चेहरा काढायला बसू नये. खिडकीशी चहाचा कप ठेवावा आणि त्यावर उजळ, मध्यम व गडद असे तीनच भाग पाहावे. कपाचा कान काढण्याऐवजी कान आणि कप यांच्यामधली रिकामी जागा काढावी. त्या पोकळीचे नाव मनाला ठाऊक नसते, त्यामुळे डोळ्याला नीट पाहावेच लागते. एखादे छापील रेखाचित्र उलटे ठेवून उतरवून पाहावे. त्याचेही कारण हेच. मग रंगांकडे वळावे. ट्यूबमधला हिरवा तसाच लावला तर झाड प्लास्टिकचे दिसते. त्यात थोडा पिवळा किंवा तपकिरी मिसळावा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की जो करडा रंग येतो, तो जूनमध्ये आपल्या गावावर उतरणाऱ्या ढगांचा. रोज सायंकाळी ठरावीक वेळी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नुसते आकाश रंगवावे. आठवड्याने सात कागद शेजारी मांडले की एकही दुसऱ्यासारखा नाही, हे दिसून येते.

येथेच खरा आनंद आहे. चित्र बरे साधो वा न साधो, पाहण्याची सवय लागते. बसच्या खिडकीतून ओल्या कौलांचा लाल आणि वाळलेल्या कौलांचा लाल वेगळा दिसू लागतो. पिवळ्याला कन्नडात ‘हळदि’ म्हणतात. तो शब्द ऐकला की आपल्या स्वयंपाकघरातला डबाच डोळ्यांपुढे येतो. रंगाला कोणत्याही लिपीची अडचण नसते, आणि वर्गातील मराठी व कन्नड मित्र एकाच तलावाकाठी पॅड घेऊन बसू शकतात.

महाविद्यालयातली आपली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कोणीतरी तपासते. टक्केवारी, हजेरी, उद्या नोकरीचा अर्ज. फोनवर टाकलेल्या छायाचित्रालासुद्धा किती जणांनी पसंती दिली, ते मोजले जाते. जे कोणी तपासणार नाही, असे आठवड्यातून एक तास तरी काही करावे. ते चित्र कोणाला दाखविलेच पाहिजे असे नाही. माळ्यावरची पेटी खाली काढावी. ट्यूबमधला रंग वाळला असेल तर ती मागून कापावी आणि पाण्याचे दोन थेंब टाकावेत. जलरंग वाळला तरी वाया जात नाही.