घरचा आवाज, भाग ११ : वीज न खाणारा डबा

मागच्या भागात पॉवर अ‍ॅम्प्लिफायर निवडला, पण एक गोष्ट सांगायची राहिली होती. त्याला व्हॉल्यूमचं बटणच नसतं. सीडी प्लेअर थेट जोडला की तो पूर्ण ताकदीनं ओरडतो. आमच्या घाटनांदुरात भर दुपारी असा ओरडला, तर स्टेशनवर गाडीची वाट बघणारी अंबाजोगाईकर मंडळीही दचकतील. दोघांच्या मध्ये काहीतरी हवं. दुकानदार त्याला प्रीअ‍ॅम्प्लिफायर म्हणतो आणि लगेच किंमत सांगतो. खरं तर बहुतेक घरांना त्यातला ‘अ‍ॅम्प्लिफायर’ लागतच नाही.

हिशेब साधा आहे. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल सिग्नल साध्या सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र) साधारण २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो. पुष्कळशा पॉवर अ‍ॅम्प्लिफायरना पूर्ण आवाजासाठी १ व्होल्टच्या आसपास पुरतो. म्हणजे सिग्नल वाढवायचा नाही, कमी करायचा आहे. त्या कामाला वीज कशाला? डाव्या-उजव्या बाजूंसाठी एक दुहेरी व्हॉल्यूम कंट्रोल, चार-सहा आरसीए सॉकेट आणि दोन साधनं जोडायची असतील तर एक खटका एवढंच पुरतं. हाच पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्प. त्याला अ‍ॅडॉप्टर नाही, त्यामुळे अ‍ॅडॉप्टरची घूं नाही. आपल्याकडे व्होल्टेज कसं नाचतं ते तुम्हाला माहीतच आहे. या डब्यात जळण्यासारखं काही नाही.

मोबाइलवरून ऐकणाऱ्यांनी जरा थांबावं. हेडफोनच्या जॅकमधून अर्धाच व्होल्ट निघाला आणि अ‍ॅम्प्लिफायरला १ व्होल्ट हवा असला, तर व्होल्टेज निम्मं म्हणून पॉवर निम्मी होत नाही, पाव होते. छोट्या खोलीत तेही चालतं. वाड्याच्या मोठ्या सोप्यात अपुरं पडेल. रेकॉर्ड प्लेअरला तर हा डबा एकटा उपयोगाचाच नाही, कारण सुईकडून येतात जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट.

आता कंट्रोल किती ओहमचा घ्यायचा? इथं मी स्वतः फसलो होतो. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला माल, असा समज करून १०० किलोओहमचा बसवला. वर अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीशी असल्यानं ५ मीटर केबल ओढली. भजनाची रेकॉर्डिंग लावली तर मृदंग ठीक, पण टाळांची किणकिण गेली. टाळांवर कुणी पंचा टाकल्यासारखं वाटलं. आठवडाभर स्पीकरला शिव्या दिल्या.

दोष गणितात होता. कंट्रोल मधल्या एका जागी, म्हणजे सिग्नल निम्मा होतो तिथं, स्वतःच्या पाव भागाइतका अडथळा पुढच्या वाटेत उभा करतो. १०० किलोओहमचा २५ किलोओहम. शील्डेड केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर ५ मीटरची ५०० होते. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटचा भार बाजूला ठेवला, तर हे दोघं मिळून साधारण १३ हजार हर्ट्झपाशीच आवाज उतरवायला लागतात. तोच कंट्रोल १० किलोओहमचा असता तर अडथळा अडीच किलोओहम, आणि ही हद्द सव्वा लाख हर्ट्झच्या पुढे गेली असती. आजच्या डॅक आणि प्लेअरना १० किलोओहमचा भार सहज झेपतो. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्राला झेपेलच असं नाही. केबल मात्र कोणत्याही परिस्थितीत आखूड ठेवा. संत दासोपंतांनी कापडावर लिहिलेल्या पासोडीचं कौतुक तिच्या लांबीसाठी होतं, सिग्नलच्या केबलचं होत नसतं. डबा अ‍ॅम्प्लिफायरजवळ ठेवा आणि स्पीकरच्या वायरी हव्या तेवढ्या लांबवा.

कंट्रोल ‘लॉग’ हवा, म्हणजे बटण फिरवताना आवाज कानाला एकसारखा वाढतो. आशियाई मालावर बहुधा ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनियर असतं, पण शिक्क्यावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. बटण अर्ध्यावर नेलं की सुरुवातीच्या पायापासून मधल्या पायापर्यंत १० किलोओहमचा लिनियर ५ किलोओहम दाखवेल, लॉग एक ते दीडच्या आसपास. मग बटण पाव वळणावर आणा आणि डावी-उजवी दोन्ही बाजू तशाच मोजा. एकीकडे ५०० ओहम, दुसरीकडे ४०० आलं तर जवळजवळ २ डेसिबलचा फरक झाला. रात्री हळू आवाजात गाणारी बाई एका स्पीकरकडे सरकून बसलेली ऐकू येईल. स्वस्त कंट्रोलचा हा खरा रोग. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणं झालं, तर दुकानात उभं राहून चार-पाच मोजा आणि जुळणारा घ्या. जपानी ‘आल्प्स’चा निळा कंट्रोल नावाजलेला आहे, पण त्याच्या नकलाही भरपूर आहेत. चोवीस पायऱ्यांचा, प्रत्येक पायरीला वेगळे रेझिस्टर असलेला अटेन्युएटर दोन्ही बाजू नेमक्या जुळवतो. पैसे असतील तर जरूर घ्या.

तयारच हवा असेल तर अमेरिकेतल्या ‘शिट’ कंपनीचा ‘सिस’ हा नमुना पाहा. (कंपनीचं नाव त्यांनी मुद्दाम ठेवलंय, मी काय करू!) तो ४९ डॉलरला बाजारात आला. दोन इनपुट, एक आउटपुट, १० किलोओहमचा एक कंट्रोल, बस्स. टपाल आणि जकात धरल्यावर तो आपल्याला स्वस्त राहत नाही. पण आत काय असतं ते कळलं की गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला तेच तासाभरात सोल्डर करून देतो. डबा धातूचाच घ्या आणि त्याला ग्राउंड जोडायला सांगा, प्लास्टिकचा घूं ओढून घेतो. घरातल्या स्टीलच्या डब्यावर डोळा ठेवू नका. त्याला भोक पाडताना ड्रिल मोडतं आणि घरात भांडण होतं ते वेगळंच, अ‍ॅल्युमिनियमचा बरा.

आणि पाकीट उघडण्याआधी एकदा तुमच्या डॅकची मागची-पुढची बाजू नीट पाहा. त्यालाच व्हॉल्यूमचं बटण असेल आणि साधन एकच असेल, तर यातलं काहीही विकत घेऊ नका. रेकॉर्ड प्लेअरवाल्यांचं काय, ते पुढच्या आठवड्यात.