यंत्राची साक्ष

दिवसाअखेर गल्ल्यातील रोकड मोजावी, ती हिशेबाशी ताडून पाहावी आणि मेळ बसला की घरी जावे, हा कोणत्याही कारकुनाचा नित्यक्रम. मेळ बसला नाही, तर तो वहीची पाने उलटून आपली चूक शोधतो. परंतु चूक वहीचीच असेल आणि ती वही उघडून पाहण्याची मुभाच त्याला नसेल, तर? ब्रिटनमधील शेकडो सब-पोस्टमास्तरांवर हा प्रसंग आला.

तेथील पोस्ट ऑफिस या सरकारी मालकीच्या संस्थेने १९९९ पासून आपल्या कचेऱ्यांत ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबपद्धती आणली. गावोगावच्या कचेऱ्या चालविणारे सब-पोस्टमास्तर पुष्कळदा छोटे दुकानदार असत. संगणक तूट दाखवी आणि ती त्यांना पदरची भरावी लागे. तक्रार केली, तर असा अनुभव दुसऱ्या कोणालाही येत नाही, असे अनेकांना सांगण्यात येई. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. बहुतेक खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच भरले होते. कित्येकांचे दिवाळे निघाले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीवन संपविले.

या अनर्थात कायद्याचाही वाटा होता. इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्यानुसार संगणकाचा पुरावा मांडणाऱ्याला तो संगणक नीट चालत होता, हे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ही अट रद्द झाली. यंत्र बरोबर चालते असे गृहीत धरावे आणि शंका घेणाऱ्याने तिला आधार दाखवावा, असा प्रघात उरला. तो आधार मात्र यंत्राच्या पोटात होता आणि त्याची किल्ली आरोप करणाऱ्यांच्या हाती!

भारतीय न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले. पण कोणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या. आप्त म्हणजे विषय यथार्थ जाणणारा आणि जाणला तसाच सांगण्याची इच्छा बाळगणारा. या कसोटीवर संगणकाचा कागद उतरत नाही. यंत्र खोटे बोलत नाही, हे खरेच. परंतु तेवढ्याने ते खरे बोलते असे ठरत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, शपथ मोडल्यास त्याला शिक्षा होते. यंत्राला ना शपथ, ना शिक्षा. म्हणून त्याच्या आकड्यावर बोट ठेवून जो दुसऱ्यावर आरोप करतो, त्यानेच त्या आकड्याचा जामीन राहिले पाहिजे.

अ‍ॅलन बेट्स यांच्यासह ५५५ जणांनी दिवाणी दावा लढविला. होरायझनमध्ये दोष होते, त्यांमुळे हिशेबात तफावत पडू शकत होती आणि सब-पोस्टमास्तरच्या नकळत दुरून नोंदी बदलता येत होत्या, असा निर्वाळा डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. अखेर २०२४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून शेकडो जणांवरील दोषारोप एकत्रितपणे रद्द केले. गेलेली वर्षे मात्र कोणत्याही कायद्याने परत येणारी नव्हती.

संगणकाने हिशेब करूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. हातच्या वह्यांतही चुका होत, लबाड्याही होत; मात्र तेथे खाडाखोड दिसे, अक्षर ओळखता येई. होरायझनची प्रत्येक आज्ञाही माणसानेच लिहिलेली होती. शोधली तर चूक सापडण्याजोगी होती. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली असंख्य उदाहरणांवरून स्वतःच अनुमानाची रीत घडवितात. एखादा निष्कर्ष नेमका का निघाला, हे त्यांच्या निर्मात्यांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. तरीही कर्ज कोणाला द्यावे, नोकरीसाठी कोणाला बोलवावे, अशा कामी त्यांचा कौल घेतला जातो. ज्याचे कारण सांगता येत नाही, तो कौल फार तर सूचना ठरेल, निवाडा नव्हे. आणि ज्याच्यावर बालंट येते त्याला यंत्राची वही उघडून पाहण्याचा हक्क हवा.

तूट यंत्राने दाखविली, खटले माणसांनी भरले. ‘यंत्राने सांगितले’ हे उत्तर देऊन या जबाबदारीतून कोणाला सुटता येणार नाही.