मोटार सुरू का होत नाही? : इंधनदाबाच्या तीन साक्षी

‘मोटार सुरू होत नाही’ ही तक्रार एकच. तिची कारणे मात्र अनेक. ताप हे ज्याप्रमाणे अनेक रोगांचे समान लक्षण आहे, त्याचप्रमाणे ही गोष्ट समजावी. चांगला वैद्य रोग्याला पाहताच औषध देत नाही. ताप केव्हा चढतो, केव्हा उतरतो, हे तो विचारतो, नाडी पाहतो आणि मगच निदान करतो. यंत्राचा दोष शोधणाऱ्यालाही हाच क्रम पाळावा लागतो. तो कसा पाळावा, हे एका प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटारीच्या उदाहरणाने वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

ही मोटार म्हणजे जर्मनीतील पोर्शे कंपनीची ‘९११’. १९६३ साली फ्रांकफुर्ट येथील प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली, तेव्हा तिचे नाव ‘९०१’ असे होते. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समधील प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ते ‘९११’ झाले. तिचे अनेक प्रकार निघाले. त्यांपैकी १९७८ ते १९८३ या वर्षांतील ‘९११ एससी’ हा प्रकार आम्ही येथे विचारार्थ घेतला आहे. हौशी लोकांनी या जुन्या गाड्या आजही जपल्या आहेत, आणि सुरू होण्याविषयीची तक्रार त्यांच्या नित्य परिचयाची आहे.

या गाडीचे सहा सिलिंडरांचे इंजिन मागे असते व पेट्रोलची टाकी पुढे. त्यामुळे पेट्रोलला गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते. त्यासाठी बॉश कंपनीची ‘के-जेट्रॉनिक’ नावाची योजना तीत बसविलेली आहे. ‘के’ हे ‘सतत’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय. कारण इंजिन चालू असेपर्यंत या योजनेत पेट्रोलचा फवारा अखंड उडत राहतो. विजेवर चालणारा पंप टाकीतील पेट्रोल मागे ढकलतो. ते गाळणीतून व ‘संचायक’ नावाच्या एका लहान भांड्यातून वितरकाकडे येते, आणि तेथून सहा नळ्यांनी सहा इंजेक्टरांकडे जाते. इंजिनात शिरणारी हवा एक तबकडी उचलते. तबकडी वितरकातील दट्ट्या वर सारते. हवा जितकी अधिक, तितका दट्ट्या वर आणि तितके पेट्रोल अधिक, अशी ही सरळ व्यवस्था आहे.

आता दाबाकडे वळू. दाब मोजण्याचे एकक ‘बार’ हे आहे. एक बार म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका दाब, असे ढोबळ मानाने समजावे. सामान्य मोटारीच्या चाकातील हवेचा दाब सुमारे दोन बार असतो. ‘९११ एससी’ च्या इंधनयोजनेत तीन निरनिराळे दाब पाहावे लागतात.

पहिला ‘मुख्य दाब’. पंपाने निर्माण केलेला हा दाब साधारणपणे साडेचार ते पाच बारच्या आसपास असतो. दुसरा ‘नियंत्रक दाब’. हा दट्ट्याच्या डोक्यावर राहून त्याला खाली रेटतो. इंजिन थंड असताना त्याला अधिक पेट्रोल हवे असते, म्हणून तेव्हा हा दाब कमी ठेवलेला असतो. वीस अंश उष्णतामानाला तो दीड ते दोन बारच्या दरम्यान असतो. नियामकातील दोन धातूंची पट्टी विजेने तापू लागली म्हणजे तो हळूहळू वाढतो व साडेतीन बारच्या जवळ स्थिरावतो. तिसरा ‘शेष दाब’, म्हणजे इंजिन बंद केल्यानंतरही नळ्यांत टिकून राहणारा दाब. वीस मिनिटांनंतरही तो एका बारच्या वर असावा लागतो.

इंजिन बंद केल्यावर दाब कशाला हवा, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. कुकरमधील पाणी शंभर अंशांना उकळत नाही, कारण वाफेच्या दाबाने त्याचा उत्कलनबिंदू वर गेलेला असतो. पेट्रोलमधील हलके घटक तर चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. ‘९११ एससी’ चे इंजिन पंख्याच्या वाऱ्याने थंड होते. गाडी थांबली की पंखा थांबतो, आणि इंजिनाची धग नळ्यांना चढते. आत दाब असेल तर पेट्रोल द्रवरूप राहते. दाब नसेल तर त्याची वाफ होते. मग किल्ली फिरविली तरी इंजेक्टरांपाशी पेट्रोलऐवजी वाफ येते, आणि इंजिन बराच वेळ नुसते घरघरत राहते.

म्हणूनच दोष शोधताना पहिले विचारणे हे, की गाडी केव्हा सुरू होत नाही. सकाळी सुरू होते, थांबवून लगेच किल्ली फिरविली तरी सुरू होते, परंतु अर्ध्या तासाने अडते, असे असेल तर संशय शेष दाबावर घ्यावा. सकाळी थंड असतानाच अडत असेल, तर नियंत्रक दाब वाजवीपेक्षा जास्त आहे काय, किंवा थंडीत जादा पेट्रोल फवारणारी झडप काम करते काय, हे पाहावे. तापलेले इंजिन काळा धूर सोडत असेल व पेट्रोलचा वास येत असेल, तर नियंत्रक दाब वाढावा तितका वाढलेला नाही असे अनुमान निघते. आणि कोणत्याही वेळी सुरू होत नसेल, तर आधी ठिणगी पडते की नाही, पंपाला वीज पोहोचते की नाही, हवेची एखादी नळी तडकली आहे काय, या साध्या गोष्टी तपासाव्यात.

अनुमानाला साक्ष हवी. ती दाबमापक देतो. वितरक व नियामक यांच्यामधील नळीत तो जोडतात आणि नियामकाच्या बाजूस एक लहान तोटी ठेवतात. इंजिन थंड असता नियामकाची वीज काढून पंप चालविला, की तोटी उघडी असताना थंड नियंत्रक दाब कळतो. तोटी बंद केली की मुख्य दाब दिसतो. तोटी पुन्हा उघडून वीज जोडली व काही मिनिटे थांबले, की काटा गरम नियंत्रक दाबावर येतो. शेवटी पंप बंद करून घड्याळ लावून बसावे, म्हणजे शेष दाब किती टिकतो ते समजते. प्रत्येक वर्षाच्या गाडीचे नेमके आकडे कारखान्याच्या पुस्तकात दिलेले असतात. काटा त्यांच्याशी ताडून पाहावा.

मुख्य दाब कमी असेल तर तुंबलेली गाळणी, थकलेला पंप किंवा पंपाला मिळणारी अपुरी वीज ही कारणे संभवतात. शेष दाब झपाट्याने उतरत असेल तर गळती कोठे आहे ते शोधावे. आपल्याकडील विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला, की रात्रीतून नळीतील पाणी खाली उतरते आणि सकाळी पंप नुसताच फिरतो, हे अनेकांनी पाहिले असेल. पोर्शेच्या पंपाच्या तोंडाशी अशीच एक उलट वाट अडविणारी झडप असते. ती सैल झाली तर पेट्रोल टाकीकडे परतते. संचायकातील पडदा फाटला, तरी तोच परिणाम होतो. त्याच्या मागील बाजूच्या नळीतून पेट्रोल आले तर पडदा गेला असे निश्चित समजावे. एखादा इंजेक्टर ठिबकत असला तर तो काढून पाहिल्यावर थेंब डोळ्यांनी दिसतो.

अंदाजाने भाग बदलणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते. पंप, इंजेक्टर, वितरक हे सारे महागडे भाग; ते एकामागून एक बदलावेत आणि अखेरीस दोष एका लहानशा झडपेत निघावा, असे घडू शकते. शिवाय दोष तसाच ठेवून किल्ली पुनःपुन्हा फिरवीत राहिल्यास कधीकधी ज्वाला उलट मागे फिरते आणि हवेची प्लॅस्टिकची पेटी फुटते. या गाडीचा हा दोष इतका परिचित आहे, की पुष्कळ मालक त्या पेटीवर दाब बाहेर सोडणारे झाकण मुद्दाम बसवून घेतात.

येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दाबाखालील पेट्रोल सांध्यातून निसटले तर त्याचा बारीक तुषार होतो व तो एका ठिणगीने पेट घेतो. सांधा उघडावयाचा तो इंजिन थंड असतानाच, बॅटरीची तार काढून, सांध्याभोवती फडके गुंडाळून आणि अग्निशामक जवळ ठेवून. हे काम जाणत्या मिस्त्रीचे आहे. विद्यार्थ्यांनी ते त्याच्या शेजारी उभे राहून पाहावे, एकट्याने करू नये.

आपल्यापैकी काही मुले पुढे यंत्रशाळेत जातील, काही दुकानात, काही कचेरीत. पोर्शेचा सांधा हाती घेण्याचा योग फारच थोड्यांना येईल. परंतु निदानाचा हा क्रम सर्वांच्या उपयोगाचा आहे. वर्गात एखादा मुलगा उत्तर देत नाही, तेव्हा त्याला धडा समजलेला नसतो, किंवा ऐकू आलेले नसते, किंवा तो रात्रभर जागलेला असतो. बाहेरून दिसणारे मौन मात्र एकच. कोणत्या वेळी, कोणत्या परिस्थितीत, हे शांतपणे विचारावे. मोजता येईल ते मोजावे. आणि मगच हात घालावा. यंत्राच्या बाबतीत असे केल्याने पैसा वाचतो. माणसाच्या बाबतीत त्याहून मोलाचे काही वाचते.