पाप आलं कुठून? दोन केडगावं आणि एक जुना प्रश्न

पुण्याहून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, येताना शहराच्या वेशीवर केडगाव लागतं. नगरकरांसाठी हे रेणुकामातेचं केडगाव. मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनात मात्र केडगाव म्हटलं की पुणे जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव येतं. नावं एकच असल्यामुळे परगावच्या लोकांची नेहमी गल्लत होते. पण नवल असं, की जगातल्या एका अतिशय अवघड प्रश्नाची दोन टोकं याच दोन गावांच्या आसपास सापडतात. देव चांगला आणि त्याने निर्माण केलेलं जगही चांगलं, तर मग पाप आलं कुठून? आणि त्याने ते येऊ दिलं असेल, तर त्यामागे त्याचा हेतू काय?

बायबलमधली मूळ गोष्ट फार छोटी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय, जेमतेम 24 वचनं. एदेन बाग, मनाई असलेलं झाड, बोलणारा सर्प, आदाम आणि हव्वा, आणि शेवटी बागेबाहेर काढलेलं जोडपं. त्या फळाला सफरचंद म्हटलेलं नाही, ते नंतरच्या चित्रकारांचं देणं. सर्प म्हणजे सैतान, असंही या अध्यायात कुठे सांगितलेलं नाही. तो सर्प बागेत आला कसा, हेही नाही. ज्यू लोक हाच अध्याय पिढ्यान्‌पिढ्या वाचत आले, पण आदामाचा दोष जन्मत:च प्रत्येकाच्या माथी येतो, असा सिद्धान्त त्यांनी त्यातून काढला नाही. तो धागा प्रेषित पौलाने धरला. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर उभं केलं: एकामुळे जगात पाप व मरण आलं, दुसऱ्यामुळे कृपा व जीवन.

पुढच्या विचारवंतांपुढे इथून दोन वाटा फुटल्या, आणि त्या वाटा अजूनही पुरत्या एक झालेल्या नाहीत.

पहिली वाट दुसऱ्या शतकातल्या इरेनियसची. आजच्या फ्रान्समधल्या लियों शहराचा हा बिशप. त्याच्या मते आदाम-हव्वा पूर्णत्वाला पोचलेली माणसं नव्हतीच, ती बाळबुद्धीची होती. आई तान्ह्या मुलाला जड अन्न देऊ शकत असली तरी देत नाही, कारण ते मुलाला पेलत नाही. तसंच देवाने माणसाला एकदम पूर्णत्व दिलं नाही, असं इरेनियस म्हणतो. म्हणजे माणूस शिखरावरून कोसळला नाही, तो चढण चढताना पहिल्याच वळणावर अडखळला. देवाचा हेतू पहिल्यापासून एकच, माणसाला हळूहळू मोठं करण्याचा.

दुसरी वाट ऑगस्टीनची. हा चौथ्या-पाचव्या शतकातला, आजच्या अल्जेरियात असलेल्या हिप्पो गावचा बिशप. पापाचं मूळ शोधताना त्याने स्वत:चीच एक चोरी तपासायला घेतली. सोळा वर्षांचा असताना मित्रांबरोबर रात्री त्याने शेजारच्या झाडाची नाशपाती चोरली. भूक नव्हती. घरी यापेक्षा चांगली फळं होती. चोरलेली बहुतेक फळं डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशाला? मनाई होती, म्हणूनच. मोठमोठे गुन्हे बाजूला ठेवून या चार फळांवर तो पानंच्या पानं लिहितो, कारण लाभ, राग, भूक असं कुठलंही कारण काढून टाकल्यावर जे उरतं तेच त्याला पाहायचं होतं.

यातून त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, वाईट म्हणजे देवाने घडवलेली वस्तू नव्हे. जिथे चांगलं असायला हवं तिथली ती उणीव आहे. उणिवेला निर्माता लागत नाही, त्यामुळे देवावर आळ येत नाही. दोन, आदामाच्या पतनाने सगळी मानवजातच बिघडली, आणि तो बिघाड प्रत्येक जण जन्मापासून सोबत आणतो. हेच मूळ पाप. त्याच्या काळातल्या पेलेजियसला हे मुळीच पटलं नाही. माणूस आपल्या कर्तृत्वाने चांगलं वागू शकतो, नाहीतर देवाच्या आज्ञांना अर्थ काय, असं त्याचं म्हणणं. पश्चिमेकडच्या चर्चने ऑगस्टीनची बाजू उचलली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने वेगळी भूमिका घेतली: आदामाकडून मर्त्यपण आणि दुबळेपणा वारशाने येतो, त्याचा अपराध नव्हे.

आता हेतूचा प्रश्न. माणूस पडणार हे देवाला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक असेल तर ख्रिस्ताचं येणं ही मूळची योजना, की नंतरची डागडुजी? 1308 मध्ये वारलेल्या डन्स स्कोटसने धीटपणे सांगितलं, की आदामाने पाप केलं नसतं तरी ख्रिस्त आलाच असता. प्रेमाला निमित्त म्हणून अपराध लागत नाही. याच्या उलट टोकाला ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये गाइलं जाणारं एक प्राचीन लॅटिन स्तोत्र आहे. त्यात आदामाच्या अपराधालाच धन्य म्हटलं आहे, कारण त्याच्यामुळे एवढा मोठा तारणारा मिळाला. एकाच धर्मात हे दोन्ही सूर शतकानुशतकं नांदत आहेत.

मराठीत हा प्रश्न आला तो पुराणाच्या रूपात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला. 1616 मध्ये तिथल्याच राचोलला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचं पतन आणि आदाम-हव्वेची कथा पहिल्या भागात येते. इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस मराठी ओवीत एदेन बाग उभी करतो, हेच एक आश्चर्य. पण त्याच्या श्रोत्यांची अडचण युरोपातल्यांहून निराळी होती.

आपल्याकडे कर्मविचार मुरलेला. संचित, प्रारब्ध, गेल्या जन्मीचं फळ. तिथे ‘पहिलं पाप कुणी केलं?’ हा प्रश्नच उठत नाही, कारण वेदान्त संसाराला अनादि मानतो. कितीही मागे गेलं तरी त्याच्या आधीचं कर्म असतंच. शिवाय कर्म ज्याचं त्याचं. ख्रिस्ती कथा या दोन्ही बाबतींत उलट्या दिशेने जाते. ती म्हणते, पापाला सुरुवात आहे, आणि ते एकट्याचं नाही, सगळ्यांचं मिळून आहे. ऐकताक्षणी हा अन्याय वाटतो. दुसऱ्याने खाल्लेल्या फळाचा भोग आपण का भोगायचा?

याचं उत्तर पाहायचं तर दौंडच्या केडगावात जावं लागतं.

रमाबाई 1882 मध्ये विधवा झाल्या आणि 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1887 मध्ये अमेरिकेत निघालं. त्यात त्यांनी दाखवून दिलं, की विधवेचं वैधव्य हे तिच्याच पूर्वजन्मीच्या घोर पापाचं फळ मानलं जातं. नवरा तापाने जावो नाहीतर पटकीने, दोष तिचा. आठ-दहा वर्षांच्या मुलीलाही हे ऐकवलं जाई. केस काढले जात, दागिने उतरवले जात आणि शुभकार्यात तिचं तोंड बघायचं टाळलं जाई.

अशा समाजात मूळ पापाचा सिद्धान्त काय करतो, ते पाहण्यासारखं आहे. पाप सगळ्यांचंच आहे म्हटलं, की ते एकट्या विधवेचं उरत नाही. तिला अपशकुनी ठरवणारा सासरा आणि मुहूर्त सांगणारा भटजी दोघेही तिच्याच रांगेत येऊन बसतात. युरोपात जो सिद्धान्त कठोर वाटला, त्याच्यात इथे समतेचं बळ होतं. स्वत: रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आपल्या पापाची खरी जाणीव मागाहून झाली.

जून 1905 मध्ये मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेची मोठी लाट उसळली. 1896 नंतरच्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या मुली आणि विधवा तिथे शेकडोंनी राहत होत्या. त्या वेळच्या वृत्तान्तात एक प्रसंग आहे. रात्री एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्यासारखं वाटलं, म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली. ओतणार तोच लक्षात आलं, की आग कुठेच नाही. मुली तासन्‌तास रडत आपली पापं कबूल करत होत्या. पुढे जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, ज्यांच्यावर जगाने अन्याय केला त्यांनी कसली पापं कबूल करायची? पण आजवर ज्यांचं पाप दुसरे ठरवत आले होते, त्या पहिल्यांदाच आपलं पाप स्वत:च्या तोंडाने सांगत होत्या, आणि क्षमाही स्वत:च मागत होत्या.

दुसरं टोक नगरात. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये इथे ठाणं घातलं. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म 1847 चा, मुंबईतला. ते 1874 मध्ये मिशनचं काम घेऊन भारतात परतले आणि 1878 मध्ये त्यांनी नगरला धर्मशिक्षणाची शाळा काढली. कवी नारायण वामन टिळक पुढे याच शाळेत शिकवत. सगळी मानवजात पतित आणि तारण फक्त ख्रिस्ताद्वारे, हे मान्य केलं की पुढचा प्रश्न दारात उभाच असतो: ज्यांनी ख्रिस्ताचं नावही ऐकलं नाही, त्यांचं काय? अमेरिकेत हा पुस्तकी वाद होता. पण जिथे दर वर्षी पितृपंधरवड्यात आजा-पणज्यांची आठवण काढली जाते, तिथे हा प्रश्न थेट आपल्या माणसांचा होतो.

1886 मध्ये रजेवर अमेरिकेत असताना ह्यूम यांनी उघडपणे सांगितलं, की अशा माणसांना मृत्यूनंतर संधी मिळण्याची आशा बाळगायला ख्रिस्ती विचारात जागा आहे. मिशन मंडळात खळबळ उडाली. त्यांना नगरला परत पाठवायचं की नाही, यावर वाद पेटला आणि त्यांची रवानगी अडवून धरली गेली. अखेर 1887 मध्ये परवानगी मिळाली आणि ते नगरला परतले. कॅथलिक चर्चने 1964 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, आपल्या दोषाविना ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे मन:पूर्वक देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकतं असं अधिकृतपणे नमूद केलं. ह्यूम प्रॉटेस्टंट, परिषद कॅथलिक. पण प्रश्न तोच.

पाप आलं कुठून, याचं सगळ्या ख्रिस्ती लोकांना मान्य असलेलं एकच उत्तर आजही नाही. पण कुठल्याही उत्तराची पारख करायला ही दोन ठिकाणं पुरेशी आहेत. जे उत्तर दुबळ्यावर दोष ढकलतं, ते दौंडच्या केडगावात टिकत नाही. जे उत्तर आपल्या पूर्वजांना वाऱ्यावर सोडतं, ते नगरात टिकत नाही. पापाचा सिद्धान्त कुणी सांगू लागला, तर तो सगळ्यांना, सांगणाऱ्यालासुद्धा, सारखाच लागू होतो का, एवढं आधी विचारावं.